कपाटातील भांडवल

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असे आपण सहज म्हणून जातो. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हेही आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. पहिली म्हण कापडाच्या दुकानात आठवते आणि दुसरी बहुधा महिनाअखेरीस! वरवर पाहता या दोन म्हणी परस्परविरोधी वाटतात. एक खर्चास उद्युक्त करते, तर दुसरी हात आखडता घ्यावयास सांगते. वस्तुतः पुरुषांच्या अभिजात पेहरावाचा इतिहास आणि त्यामागील शिवणकामाचे तंत्र समजून घेतले, तर या दोन्ही म्हणी एकाच घरात सुखाने नांदू शकतात. त्या कशा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'अभिजात' हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. फॅशन दर हंगामात बदलते. गडद निळा किंवा राखाडी सूट, पांढरा अथवा फिकट निळा सदरा, नीट बेतलेली साधी पॅंट, चामड्याचे काळे वा तपकिरी बूट आणि आपल्याकडील बंद गळ्याचा जोधपुरी कोट यांना मात्र हंगामाचे बंधन नाही. दहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातही हे कपडे विजोड दिसत नाहीत. जी वस्तू दहा वर्षे चालू शकते, तिच्या खरेदीचा विचारही दहा वर्षांच्या हिशेबाने व्हावयास हवा. म्हणूनच विषय कपाटाचा असला, तरी तो ताळेबंदाशी येऊन भिडतो.

काटकसरीतून जन्मलेला पोशाख

सूट हा श्रीमंती थाटाचा पोशाख, अशी आपली समजूत असते. त्याचा जन्म मात्र काटकसरीच्या राजाज्ञेतून झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. इ. स. १६६५ मध्ये लंडन शहर प्लेगच्या साथीने हवालदिल झाले होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, भीषण आगीत शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला. डच आणि फ्रेंच यांच्याशी युद्धही चालू होते. अशा बिकट काळातही दरबारी मंडळी फ्रेंच धाटणीच्या लेस, फिती आणि भरजरी कपड्यांवर पाण्यासारखा पैसा खर्च करीत होती. ऑक्टोबर १६६६ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या सल्लागार मंडळापुढे नव्या पोशाखाची घोषणा केली. लांब बंडी, तिच्यावर कोट आणि खाली तोकडी विजार असे त्याचे स्वरूप होते. नौदलाच्या कचेरीतील अधिकारी सॅम्युएल पीप्स याने ही घटना आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवली असून, सरदारांना काटकसर शिकविणे हा राजाचा उद्देश असल्याचेही त्याने नमूद केले आहे. आजच्या 'थ्री-पीस' सुटाचे मूळ बहुतेक अभ्यासक याच घोषणेत शोधतात.

या पोशाखाला आजचे साधे, गंभीर रूप मिळण्यास पुढे सुमारे सव्वाशे वर्षे लागली. त्याचे मोठे श्रेय जॉर्ज ब्रमेल या गृहस्थाला दिले जाते. इ. स. १७७८ मध्ये जन्मलेला हा लंडनवासी 'बो ब्रमेल' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याने रेशमी, भरतकाम केलेले रंगीबेरंगी कपडे बाजूला सारले. गडद निळा कोट, पायघोळ विजार आणि गळ्याशी स्वच्छ, पांढरे, कांजी केलेले वस्त्र एवढाच त्याचा थाट असे. कापडाचा झगमगाट गौण आणि त्याची बेतणी प्रधान, हा त्याने घालून दिलेला दंडक आजही पाळला जातो.

मात्र त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू बँकेच्या ग्राहकाने आवर्जून वाचावी अशी आहे. वडिलांच्या मागे त्याला वीस हजार पौंडांहून अधिक संपत्ती मिळाली होती. त्या काळी ही रक्कम सन्मानाने आयुष्य काढण्यास पुरेशी होती. परंतु आपल्याहून कित्येक पटींनी श्रीमंत असलेल्या उमरावांच्या पंगतीला बसण्याचा सोस, जुगार आणि उधारी यांनी त्याला ग्रासले. इ. स. १८१६ मध्ये सावकारांना चुकवून त्याला फ्रान्समधील कॅले बंदर गाठावे लागले. इ. स. १८३५ मध्ये नॉर्मंडी प्रांतातील कां या शहरी कर्जापायी त्याला तुरुंगवास घडला आणि इ. स. १८४० मध्ये त्याच शहरातील मनोरुग्णांच्या आश्रयस्थानी त्याचा अंत झाला. ज्याने जगाला साधेपणाने कसे सजावे हे शिकविले, त्याला जमाखर्चाचा साधेपणा साधला नाही. पेहरावातील संयम आणि पैशाच्या व्यवहारातील संयम हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला अंगी बाणला म्हणजे दुसरा आपोआप येतो असे नाही, एवढा बोध त्याच्या चरित्रातून निश्चित घेता येतो.

आपण किंमत मोजतो ती कशाची?

सुटाची किंमत चार घटकांत विभागता येते : कापड, आतील रचना, बेतणी व शिलाई, आणि व्यापारी नाव. यांतील पहिले तीन घटक अंगावर दिसतात आणि टिकतात. चौथा घटक गळपट्टीच्या आतील चिठ्ठीवर असतो.

कापडाविषयी प्रथम पाहू. लोकरी सुटिंगवर 'सुपर १००', 'सुपर १२०' असे आकडे छापलेले असतात. हे आकडे धाग्यातील लोकरीच्या तंतूची सूक्ष्मता दर्शवितात. सुपर १०० मध्ये तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत असते, तर सुपर १२० मध्ये ती १७.७५ मायक्रॉनपर्यंत असते. आकडा जितका मोठा, तितके कापड मऊ आणि तलम. तथापि, मोठा आकडा म्हणजे अधिक टिकाऊ कापड असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. रोजच्या वापरात, खुर्चीवर आठ तास बसणाऱ्या माणसाला सुपर १५० पेक्षा सुपर १०० अधिक काळ साथ देते. आपल्या हवेत दर मीटरला साधारण २४० ते २७० ग्रॅम वजनाचे, साध्या विणीचे 'ट्रॉपिकल' लोकरी कापड सोयीचे पडते. त्यातून हवा खेळते आणि सुरकुत्याही लवकर निघतात. पॉलिस्टर आणि लोकर यांच्या मिश्रणाचे टेरिवूल हा मध्यम मार्ग आहे. किंमत कमी, टिकाऊपणा चांगला, मात्र उकाड्यात थोडे जड.

दुसरा घटक डोळ्यांना दिसत नाही, परंतु कोटाचे आयुष्य तोच ठरवितो. कोटाच्या पुढील भागात वरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये आणखी एक थर असतो. पारंपरिक पद्धतीत तो केसाळ कॅनव्हासचा असतो. सूत वा लोकर आणि घोड्याचे अथवा बकरीचे केस यांपासून तो विणतात आणि सैल टाक्यांनी वरच्या कापडास जोडतात. हा थर हळूहळू अंगाचा आकार धारण करतो. दुसऱ्या पद्धतीत हा थर गोंदासारख्या द्रव्याने उष्णता व दाब देऊन चिकटविलेला असतो. तिला 'फ्युजिंग' म्हणतात. फ्युज्ड कोट स्वस्त पडतो आणि सुरुवातीस उत्तम दिसतो. परंतु वारंवार ड्रायक्लीनिंग केल्यास अथवा इस्त्रीची आच जास्त लागल्यास चिकटलेला थर सुटतो, छातीवर फुगवटे दिसू लागतात आणि मग त्यावर इलाज राहत नाही. 'हाफ कॅनव्हास' कोटात छातीपर्यंत कॅनव्हास आणि खाली फ्युजिंग असते. मध्यमवर्गीय नोकरदारासाठी ही रचना किंमत व टिकाऊपणा यांचा चांगला मेळ घालते.

दुकानात याची परीक्षा कशी करावी? सर्वांत खालच्या काजाच्या जवळ कोटाचे वरचे कापड आणि आतील कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढावे. दोन थरांच्या मध्ये एक तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला, तर तेथपर्यंत कॅनव्हास आहे. तो जाणवला नाही, तर कोट तेथे फ्युज्ड आहे. छातीच्या जागीही हीच परीक्षा करून पाहावी. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा आपल्या दोन बोटांवर अधिक भरवसा ठेवावा.

तिसरा घटक म्हणजे मनुष्याचे श्रम. लंडनमधील सॅव्हिल रो हा रस्ता शिवणकामासाठी जगप्रसिद्ध आहे. तेथील हेन्री पूल ही पेढी इ. स. १८०६ पासून चालू आहे. तेथील परंपरेनुसार केवळ एका ग्राहकासाठी स्वतंत्र नमुना बेतून शिवलेल्या सुटाला किमान ५० तासांचे हातकाम लागते. अशा शिलाईला 'बिस्पोक' म्हणतात. ग्राहकाने ज्याविषयी आधीच 'शब्द टाकून ठेवला आहे' असे कापड, हा त्या शब्दामागील अर्थ. 'मेड टू मेजर' हा प्रकार निराळा आहे. त्यात कारखान्यातील तयार नमुनाच आपल्या मापानुसार थोडाफार बदलला जातो. आपल्या गावातील जुना शिंपी मात्र स्वतः माप घेतो, स्वतः बेततो आणि कच्च्या टाक्यांवर ट्रायल देतो, तेव्हा तो तत्त्वतः सॅव्हिल रोच्याच पद्धतीने काम करीत असतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथपासून लहानशा तालुक्याच्या गावापर्यंत असे कारागीर आजही आढळतात. त्यांच्याकडे जाताना 'आत कॅनव्हास घालणार की फ्युजिंग?' आणि 'ट्रायल किती देणार?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

येथे कराचा एक मुद्दाही ध्यानात घेण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून अधिक किमतीच्या कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. न शिवलेल्या सुटिंग-शर्टिंगवर मात्र कापडाची किंमत कितीही असली तरी ५ टक्केच कर आहे. महागडा तयार सूट आणि कापड घेऊन शिवलेला सूट यांची तुलना करताना हा फरक जमेस धरावा.

माप आणि माया

उत्तम कापडाचा ढगळ कोट हा साध्या कापडाच्या बेतशीर कोटापुढे फिका पडतो. माप बरोबर आहे की नाही, हे तपासण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. कोटाच्या खांद्याची शिलाई आपला खांदा जेथे संपतो तेथेच संपावी. कोटाची गळपट्टी सदऱ्याच्या कॉलरला सर्व बाजूंनी टेकलेली असावी, मागे फट पडू नये. बटण लावल्यावर पोटाशी फुलीच्या आकाराच्या सुरकुत्या पडू नयेत. हात खाली सोडल्यावर बाहीखालून सदऱ्याची कफ साधारण एक ते दीड सेंटिमीटर दिसावी. पॅंटचा घोळ बुटावर फार साचू नये.

तयार कोट घेतल्यास बाहीची लांबी, कमरेचा घेर आणि पॅंटची उंची या गोष्टी शिंपी थोड्या खर्चात दुरुस्त करून देतो. खांदा आणि कोटाची एकूण उंची यांची दुरुस्ती मात्र जिकिरीची व महाग असते आणि बहुधा समाधानकारक होत नाही. म्हणून दुकानात सर्वप्रथम खांदा पाहावा. खांदा बसत नसेल, तर पन्नास टक्के सवलत असली तरी तो कोट महागच आहे.

शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. पॅंटच्या मागील मध्यशिलाईत आणि कोटाच्या बाजूच्या शिलाईत भरपूर माया सोडावयास सांगावे. तिशी ओलांडल्यावर कमरेचा घेर वाढू लागतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे! माया असेल तर उसवून, थोडे सैल करून तेच वस्त्र पुन्हा अंगावर चढते. नसेल तर दोन सेंटिमीटरसाठी संपूर्ण कपडा बाद होतो. कारखान्यातील कपड्यांत ही माया सहसा फार कमी ठेवलेली असते.

भांडवली खर्च की महसुली खर्च?

आता हिशेबाकडे वळू. लेखाशास्त्रात ज्या खर्चाचा लाभ अनेक वर्षे मिळतो, त्याला भांडवली खर्च म्हणतात आणि तो घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे विभागला जातो. चांगला सूट, उत्तम बूट, बंद गळ्याचा कोट हे या वर्गात मोडतात. बनियन, मोजे, रोजचे सदरे हा महसुली खर्च. तो दरमहाच्या अंदाजपत्रकातून भागवावा.

'महाग वस्तू अंती स्वस्त पडते' असे दुकानदार सांगतात. ते कितपत खरे आहे, हे गृहीत आकड्यांनी पडताळून पाहू. एक फ्युज्ड तयार सूट ९,००० रुपयांचा आहे. वर्षातून ३० वेळा वापरल्यास तो तीन वर्षे चालेल असे मानू. दुसरा हाफ कॅनव्हास, शिंप्याकडून शिवून घेतलेला सूट २४,००० रुपयांचा आहे. तो नऊ वर्षे चालेल आणि मध्ये एकदा सैल करणे, अस्तर बदलणे यांसाठी १,५०० रुपये लागतील. नऊ वर्षांत पहिल्या प्रकारचे तीन सूट म्हणजे २७,००० रुपये, दुसऱ्या प्रकारचा एक सूट म्हणजे २५,५०० रुपये. २७० वेळा वापर धरला, तर दर वापरास अनुक्रमे १०० आणि सुमारे ९४ रुपये खर्च येतो.

परंतु हिशेब येथे थांबविणे योग्य नव्हे. पहिल्या पर्यायात आपण आज केवळ ९,००० रुपये देतो आणि उरलेली रक्कम ठेवीत व्याज कमवीत राहते. ६.५ टक्के दराने आजचे मूल्य काढले, तर तीन स्वस्त सुटांचा खर्च सुमारे २२,६०० रुपये आणि एका चांगल्या सुटाचा खर्च सुमारे २५,१०० रुपये होतो. उलटपक्षी, सुटाच्या किमती दरसाल ५ टक्क्यांनी वाढतील असे धरल्यास तीन स्वस्त सुटांचे आजचे मूल्य सुमारे २५,९०० रुपयांवर जाते. तात्पर्य, दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीचे आहेत. चांगल्या सुटामुळे पैसे वाचतात असे ठामपणे म्हणता येत नाही. तेवढ्याच पैशात नऊ वर्षे उत्तम बसणारा पोशाख मिळतो, एवढेच खात्रीने म्हणता येते. हाही लाभ लहान नाही.

मात्र हे समीकरण एका अटीवर उभे आहे. सूट खरोखर वापरला गेला पाहिजे. ज्यांना वर्षातून केवळ चार वेळा सूट लागतो, त्यांच्या नऊ वर्षांत ३६ वेळाच त्याचा वापर होईल. इतक्या कमी वापरात ९,००० रुपयांचा एकच सूट बराच काळ पुरेल आणि दर वापरास २५० रुपये पडतील. महाग सुटाचा हाच आकडा ७०० रुपयांच्या वर जाईल. अशा गृहस्थांनी साधा सूट घ्यावा, अथवा एखाद्या समारंभापुरता भाड्याने आणावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी शिवलेला, झगमगता आणि पुन्हा कधीही न घातलेला सूट हा तर भांडवली खर्चाच्या खाती दाखविलेला निव्वळ तोटा होय.

ऋण काढून सण

वरील बरोबरी रोख खरेदीची आहे. उधारी आली की ती मोडते. समजा, २४,००० रुपयांचा सूट क्रेडिट कार्डावर घेतला आणि देय तारखेस पूर्ण रक्कम न भरता किमान रक्कम भरत राहिलो. कार्डाचा व्याजदर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के धरू. पहिल्या महिन्याचे व्याज ८४० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर सुमारे १५१ रुपये. किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे १,२०० रुपये भरली, तर त्यातील ९९१ रुपये व्याज आणि करातच जातात. मुद्दल कमी होते ते अवघे २०९ रुपयांनी! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदतीचा लाभ सामान्यतः मिळत नाही.

याच्या उलट चित्र पाहावे. तीच व्यक्ती दरमहा २,००० रुपयांची एक वर्षाची आवर्त ठेव उघडते. ६.५ टक्के व्याजदर धरल्यास वर्षअखेरीस तिच्या हाती २४,००० रुपये मुद्दल आणि सुमारे ८५० रुपये व्याज येते. म्हणजे आवर्त ठेवीने वर्षभरात जेवढे मिळवून दिले, जवळपास तेवढेच कार्डाने एका महिन्यात व्याजापोटी काढून घेतले असते.

'शून्य टक्के व्याज' या योजनांबाबतही सावध असावे. शून्य टक्के व्याज अशी संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कोठेतरी भरलेच जाते. कधी ते प्रक्रिया शुल्काच्या रूपाने येते, तर कधी रोखीने घेतल्यास मिळाली असती अशी सवलत हुकते. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : 'आज पूर्ण रक्कम दिली, तर किंमत किती?'

कर्ज विभागात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे एक चित्र वारंवार येते. तरुण अर्जदार चांगल्या पगाराचा, कागदपत्रे चोख. परंतु कपडे, मोबाईल, घड्याळ यांचे लहान-लहान हप्ते त्याच्या पगाराला चिकटलेले असतात. हे हप्ते गृहकर्जाच्या वेळी एकदम उभे राहतात. ८.५ टक्के दराने २० वर्षांच्या गृहकर्जास दर लाखामागे सुमारे ८६८ रुपये मासिक हप्ता येतो. याचा अर्थ असा की, दरमहा २,००० रुपयांचा एखादा दीर्घ हप्ता चालू असेल, तर गृहकर्जाची पात्रता सुमारे २ लाख ३० हजार रुपयांनी घटू शकते. त्यातच एखादा हप्ता चुकला असेल, तर त्याची नोंद पतमाहिती संस्थेच्या अहवालात वर्षानुवर्षे राहते. एका खोलीचा फरक पडावा एवढी ही रक्कम आहे, आणि अशा अर्जदाराला ही गोष्ट प्रथमच बँकेच्या टेबलासमोर कळते, हे अधिक क्लेशदायक आहे.

प्रारंभ कोठून करावा?

नोकरीस नुकतीच सुरुवात केलेल्या तरुणाने सर्व काही एकाच वर्षात घेण्याची घाई करू नये. किमान तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक आणि आरोग्य विमा यांची तजवीज आधी व्हावी. त्यानंतर 'वस्त्रनिधी' म्हणून एक लहान आवर्त ठेव सुरू करावी. दरमहाची रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावी, पण ती पगाराच्या दिवशीच खात्यातून वळती व्हावी, अशी स्थायी सूचना बँकेस देऊन ठेवावी.

पहिल्या वर्षी पाच सदरे (तीन पांढरे, दोन फिकट निळे), राखाडी, गडद निळी व तपकिरी अशा तीन पॅंट आणि चामड्याचे एक जोडी काळे बूट पुरेसे आहेत. पाच सदरे आणि तीन पॅंट यांच्या पंधरा जोड्या जमतात आणि रंग शांत असल्याने त्यांतील एकही विजोड ठरत नाही. दुसऱ्या वर्षी आवर्त ठेव पक्व झाली की गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी सूट शिवावा. तिसऱ्या वर्षी बंद गळ्याचा कोट. तो लग्नकार्यात, शासकीय समारंभात आणि टायशिवायही शोभतो. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीत तर मर्यादित कपडे हे वरदानच ठरते. तीन वर्षांनी नागपूरच्या उन्हातून सिमल्याच्या थंडीत जावयाचे असेल, तर एका पेटीत मावेल एवढेच सामान सुखाचे.

निगा हाच खरा नफा

मालमत्तेचा घसारा कमी करण्याचा उपाय म्हणजे देखभाल. सूट दर वेळी ड्रायक्लीनिंगला देऊ नये. घरी आल्यावर मऊ ब्रशने धूळ झटकून, रुंद खांद्याच्या हँगरवर हवेशीर जागी टांगावा आणि दुसऱ्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी. लोकर स्वतःच पूर्ववत होते. ड्रायक्लीनिंगहून आलेले प्लॅस्टिकचे आवरण लगेच काढून टाकावे. पावसाळ्यात आतील दमटपणाने कपड्यांना बुरशी लागते. त्याऐवजी जुन्या धोतराच्या अथवा चादरीच्या कापडाची पिशवी उत्तम. उन्हाच्या दिवशी कपाट उघडून वारा द्यावा. बुटांच्या दोन जोड्या झाल्यावर त्या आलटून-पालटून वापराव्यात, म्हणजे आत मुरलेला घाम सुकतो. तळवा शिलाईने जोडलेले बूट घेतल्यास झिजलेला तळवा बदलता येतो. नुसता चिकटविलेला तळवा बदलणे सहसा कठीण जाते. लहानसे भोक पडल्यास रफूगाराकडे जावे. रफू केलेला जुना चांगला कोट हा नव्या निकृष्ट कोटापेक्षा केव्हाही अधिक प्रतिष्ठित दिसतो.

शेवटी एका शब्दाकडे पुन्हा लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत शिलाईतील राखीव कापडाला 'माया' म्हणतात आणि गाठीशी जमविलेल्या पैशालाही 'माया'च म्हणतात. दोन्हींचे कार्य एकच आहे. घेर वाढला, प्रसंग बदलला, अचानक ताण आला, तर शिवण फाटू नये यासाठी ती आत राखलेली असते. ती वरून दिसत नाही, तिची किंमत गरजेच्या दिवशी कळते. कपडा शिवताना शिंप्याला आपण जशी आठवण करून देतो, तशीच दरमहा पगार जमा होताच स्वतःलाही करून द्यावी : थोडी माया सोडा.